वनसंवर्धनातील सहअभ्यास आणि त्याची पारख
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात 50 वर्षांचा टप्पा कृतज्ञतेचा असतो, तसाच तो हिशेबाचाही असतो. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या समाजाला हे निराळे सांगण्याची गरज नाही. अशा प्रसंगी नवे संकल्प सोडले जातात आणि त्यांत वृक्षारोपणाचा संकल्प हमखास असतो. तो शुभच आहे. परंतु रोप लावले म्हणजे वन उभे राहिले का, आणि ते उभे राहिले की नाही हे कोणी, कसे आणि केव्हा पाहावयाचे, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. गावकरी, कार्यकर्ते आणि अभ्यासक एकत्र येऊन जंगलाचा जो अभ्यास करतात, त्याला येथे ‘सहअभ्यास’ म्हटले आहे. दात्याने त्याची पारख कशी करावी, याचा विचार करावयाचा आहे.

जैन दर्शनाने वनस्पतीला केवळ वस्तू मानलेले नाही. वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव आहे, तसेच पृथ्वीकाय आणि अप्कायही जीवच आहेत. श्रावकाने उपजीविकेसाठी जे व्यवसाय टाळावेत त्या 15 कर्मादानांमध्ये वनकर्म म्हणजे जंगलतोडीचा धंदा, अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडण्यासारखे अग्निजन्य व्यवसाय, वणवा लावणे आणि तळी कोरडी करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे वन, अग्नी आणि जल यांच्याशी व्यापाऱ्याचा व्यवहार कसा असावा, याचा विचार पूर्वाचार्यांनी फार आधी करून ठेवला आहे.

याच दृष्टीचा एक पुढचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. खड्डा खणताना पृथ्वीकायाची विराधना होते, पाणी घालताना अप्कायाची होते. गृहस्थ ती एका मोठ्या हेतूने पत्करतो. मात्र ते रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेले, तर विराधना तेवढी घडली आणि हेतू निष्फळ झाला. म्हणून लावलेल्या रोपाचे पुढे काय झाले, याची विचारपूस करणे हे यतनेचेच अंग आहे. धर्मकार्यात हिशेब कशाला, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

व्यवहाराच्या भाषेत हेच सोपे होते. समजा, एका रोपामागे 100 रुपये खर्च करून 1,000 रोपे लावली. तिसऱ्या वर्षी त्यांपैकी 250 जगलेली आढळली, तर प्रत्येक जिवंत झाडाची किंमत 100 नसून 400 रुपये झाली. अहवालात मात्र 1,000 हाच आकडा छापला जातो. दुकानात आलेल्या मालाची नोंद ठेवली आणि शिल्लक मालाची मोजणी कधी केलीच नाही, तर त्या ताळेबंदावर कोणताही व्यापारी विश्वास ठेवणार नाही. वृक्षारोपणाच्या बाबतीत मात्र असा ताळेबंद सर्रास स्वीकारला जातो.

महाराष्ट्रात 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे शासनाने जाहीर केली होती. पुढे त्यांतील शेवटच्या मोठ्या मोहिमेबद्दल विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले आणि 2021 मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाच्या समितीची घोषणा झाली. कोणा एका सरकारला दोष देण्यासाठी हे उदाहरण घेतलेले नाही. मोजणीची पद्धत लागवडीपूर्वी सर्वांच्या संमतीने ठरलेली नसेल, तर नंतर वाद उरतो आणि वन बाजूला राहते, एवढाच त्याचा बोध आहे.

आता सहअभ्यासाच्या मूळ कल्पनेकडे वळू. पश्चिम बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यात अराबारी येथे वनखात्याचे एक संशोधन क्षेत्र होते. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी अजितकुमार बॅनर्जी हे वनाधिकारी तेथे वृक्षसंवर्धनाचे प्रयोग करीत होते. आसपासच्या गावांतील जनावरे आणि सरपण तोडणारे लोक यांमुळे प्रयोग टिकेनात. पहारा वाढवण्याऐवजी त्यांनी गावकऱ्यांशी बोलणे सुरू केले. 11 गावांतील 618 कुटुंबांनी सुमारे 1,272 हेक्टर जंगल राखावे, त्या मोबदल्यात त्यांना काम, गौण वनोपज आणि अखेरच्या तोडीच्या उत्पन्नातील चौथा हिस्सा मिळावा, असे ठरले. तेथील मुख्य वृक्ष साल. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते ऋजुवालिका नदीच्या तीरी याच वृक्षाखाली, हे समाजबांधवांना ज्ञात आहेच. तोडलेल्या सालाच्या बुंध्यापासून आणि मुळांपासून पुन्हा धुमारे फुटतात. चराई आणि तोड थांबताच ते धुमारे वाढू लागले. नवे खड्डे खणण्यापेक्षा जुनी मुळे राखणे अधिक फलदायी ठरले. या अनुभवाचा प्रभाव पुढे देशाच्या धोरणावर पडला. 1 जून 1990 रोजी केंद्र शासनाने वनव्यवस्थापनात लोकांना सामील करून घेण्याचे परिपत्रक काढले आणि 1992 मध्ये महाराष्ट्रानेही संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय घेतला.

अराबारीत प्रश्न मात्र अधिकाऱ्याचा होता आणि गावकरी त्यात नंतर सामील झाले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने एक पाऊल पुढे टाकले. शंभराच्या आसपास घरांच्या या गावात देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील पुढारी आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून ‘अभ्यासगट’ ही पद्धत रुजली. अभ्यासगटात गावकरी बसत, बाहेरचे जाणकारही बसत. तेथे केवळ विषय समजून घ्यावयाचा, माहिती तपासावयाची आणि शंका विचारावयाच्या. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचा. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत फार मोलाची आहे. ज्ञानी माणसाने निर्णय लादावयाचा नाही आणि निर्णय घेणाऱ्याने अज्ञानात राहावयाचे नाही, असा तिचा आशय आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली.

या अभ्यासगटांचे एक फलित जैन श्रोत्यांना विशेष जवळचे वाटेल. जंगलात आग्या मोहोळाचा मध काढताना पूर्वी मशाली पेटवून मोहोळ जाळण्याची रीत होती. त्यात असंख्य माश्या आणि पोळ्यातील पिल्ले होरपळत. मधमाश्यांच्या अभ्यासातून हे उमगले की पोळ्यात मध साठवलेला भाग निराळा असतो आणि अंडी-पिल्लांचा भाग निराळा असतो. संरक्षक पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापून घेतला, तर माश्या मरत नाहीत आणि पोळे पुन्हा भरू शकते. या रीतीला ‘अहिंसक मधसंकलन’ असे सार्थ नाव मिळाले. जैन आचारात मधु अभक्ष्यच आहे आणि या रीतीमुळे ते भक्ष्य होत नाही. परंतु ज्या माणसाचा चरितार्थ मधावर चालतो, त्याने उपदेशामुळे नव्हे तर स्वतः केलेल्या निरीक्षणामुळे जाळपोळ सोडली, या घटनेचे मोल श्रावकाने जाणले पाहिजे. अभ्यासामुळे करणी बदलली, आणि करणी बदलल्यामुळे जीव वाचले.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. 2009 मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांमध्ये त्याची गणना होते. 2011 च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबू किती तोडावा आणि कोणत्या भागात तोडावा, हा प्रश्न गावाच्या दृष्टीने परीक्षेतील प्रश्न राहिला नाही. तो पोटाचा आणि जबाबदारीचा प्रश्न झाला. हक्क हाती असला की मोजमाप प्रामाणिक होते, कारण चुकीच्या मोजणीचा तोटा मोजणाऱ्यालाच सोसावा लागतो.

वऱ्हाडातील एक उदाहरण दिग्रसला अधिक जवळचे आहे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यात पायविहीर हे गाव आहे. ‘खोज’ या संस्थेच्या साहाय्याने या गावाने आणि शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर व नयाखेडा या गावांनी 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. पायविहीरच्या वाट्याला आलेले 192 हेक्टर वन उजाड झालेले होते. गावाने चराई आणि तोड यांवर स्वतःचे नियम घातले, घाणेरीसारखी माजलेली झुडपे काढली, रोजगार हमीच्या कामातून रोपे आणि पाणी धरणारी कामे केली आणि सीताफळाच्या विक्रीची घडी बसवली. 2014 मध्ये या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर तेंदूपत्त्याचे हमखास उत्पन्न सोडून दिले. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि पाखरांना फळ उरत नाही, हे गावाने पाहिले होते. त्याऐवजी त्यांनी बांबूवर भर दिला. हातचे उत्पन्न सोडण्याचा निर्णय बाहेरच्या कोणा तज्ज्ञाला त्या गावावर लादता आला नसता.

ही उदाहरणे यशाची आहेत, पण यशाच्या कथा ऐकून भारावून जाणे म्हणजे पारख नव्हे. सहअभ्यासाच्या दोन्ही बाजूंना दोष असू शकतात. गाव स्वतःच स्वतःचे काम मोजते, तेव्हा आकडा थोडा फुगण्याचा संभव असतो. बाहेरचा अभ्यासक मोजतो, तेव्हा तो दोन दिवस येतो, पावसाळ्यातील हिरवळ पाहतो आणि उन्हाळ्यातील वास्तव त्याच्या नजरेतून निसटते. आणि पैसे देणारा दाता असेल, तर त्याला आवडेल तेच अहवालात उतरण्याचा धोका तिसरा आहे. अनेकांतवादाचा येथे खरा उपयोग होतो. एका नयाने पाहिलेले सत्य अपुरे असते, म्हणून दुसरा नय हवा. परंतु सर्वच म्हणणी सारखीच खरी असा अनेकांताचा अर्थ नाही. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे हे सांगावयाचे असते. ‘झाडे जगली’ एवढे पुरेसे नाही. कोणती झाडे, कोणत्या भागात, किती वर्षांनी आणि कशाच्या तुलनेत, हे त्याच्या सोबत आले पाहिजे.

या दृष्टीने पाच कसोट्या सुचवता येतात.

पहिली कसोटी प्रश्नाची. अभ्यासाचा प्रश्न कोणाचा आहे? ‘कार्बन किती साठला’ हा प्रश्न परदेशी संस्थेचा असू शकतो. ‘वैशाखात बैलांना चारा कोठून आणावा’ हा प्रश्न गावाचा असतो. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण गावाचा प्रश्न यादीतच नसेल तर त्याला सहअभ्यास म्हणणे वावगे आहे. गावकऱ्यांकडून खुंट्या ठोकून घेतल्या आणि टेप धरून घेतला, एवढ्याने ते सहभागी होत नाहीत.

दुसरी कसोटी तुलनेची. राखलेल्या जंगलाशेजारी न राखलेला तसाच एक तुकडा निवडला आहे का? एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला की सर्वत्रच हिरवे दिसते. त्याचे श्रेय रक्षणाला द्यावे की मेघाला, हे तुलनेशिवाय कळत नाही. दोन्हींत सारख्या मापाचे नमुना चौकोन आखावेत, खोडाचा घेर दर वेळी एकाच उंचीवर मोजावा, एकाच दगडावर उभे राहून दरवर्षी त्याच महिन्यात छायाचित्र घ्यावे. याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही, दहावी झालेली मुले-मुली हे काम उत्तम करतात. गावाने एकदा मोजावे, बाहेरच्याने गावाचे आकडे न पाहता पुन्हा मोजावे आणि नंतर दोन्ही वह्या जुळवून पाहाव्यात. जमाखर्च तपासण्याची हीच रीत आहे.

तिसरी कसोटी मुदतीची. रोपाची खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत चालते. जंगलाची तर दहा-पंधरा वर्षे चालते. एका आर्थिक वर्षात सुरू होऊन त्याच वर्षी संपणारा अहवाल कागद म्हणून ठीक आहे, पारख म्हणून तो अपुरा आहे.

चौथी कसोटी भार आणि लाभ यांची. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ऐकायला उत्तम वाटते. पण तिचा भार कोणावर पडतो? बागायतदाराच्या गोठ्यात कडबा असतो. शेळ्यांवर जगणारे भूमिहीन कुटुंब आणि डोक्यावर मोळी आणणारी विधवा यांच्यासाठी ती बंदी म्हणजे चुलीवरचे संकट असते. जंगल वाढले आणि सर्वांत गरीब घर आणखी गरीब झाले, तर त्या यशात अनुकंपा नाही. म्हणून अभ्यासात झाडांच्या मोजणीबरोबर घरांचीही मोजणी हवी. ज्या स्त्रिया रोज जंगलात जातात, त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून नोंदलेले हवे.

पाचवी आणि सर्वांत कठीण कसोटी प्रतिकूल निष्कर्षाची. रोपे मेली, नियम मोडले, पैसा चुकीच्या ठिकाणी गेला, असे अभ्यासात दिसले तर ते लिहिले जाते का? ते ग्रामसभेत मराठीत किंवा गावाच्या बोलीत वाचून दाखवले जाते का? आणि त्यानंतर एखादा निर्णय बदलतो का? ज्या अभ्यासाने गावाचा एकही निर्णय बदलला नाही, तो विद्यापीठाच्या कपाटात मोलाचा असेल, गावाच्या दृष्टीने तो झालाच नाही. पर्युषणात श्रावक वर्षभरातील दोषांची आलोचना करतो. संस्थांनाही अशी आलोचना करता आली पाहिजे, आणि ती करणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. वाईट बातमी देणाऱ्या गावाचे अनुदान पहिल्यांदा बंद होत असेल, तर पुढच्या वर्षी सर्वच गावांतून चांगल्या बातम्या येऊ लागतील.

दिग्रस परिसराला यातून काय घेता येईल? अरुणावतीच्या खोऱ्यातील आणि यवतमाळ जिल्ह्यातील जंगल हे पानगळीचे आहे. साग, पळस, तेंदू, मोह ही त्याची ओळख आहे. साग आणि पळस यांच्या खुंटांना जोमदार फुटवे येतात. म्हणजे अराबारीच्या सालाचा धडा येथेही काही अंशी लागू पडतो. ज्या माळावर जुनी खोडे जमिनीत जिवंत आहेत, तेथे हजारो नवे खड्डे खणण्यापेक्षा आहे ते राखणे कमी खर्चाचे आणि कमी विराधनेचे आहे. खडक उघडा पडला आहे, तेथे मात्र आधी पाणी आणि माती धरावी लागेल, मग रोपांचा विचार करावा लागेल. कोठे काय करावे हे नागपूर-मुंबईत बसून ठरवता येणार नाही. त्या रानात गुरे चारलेला म्हातारा आणि वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक यांनी एकत्र फिरूनच ते ठरवावे लागेल.

कापसाच्या या प्रदेशात शेतकऱ्याची स्थिती किती नाजूक आहे, हे येथील बाजारपेठेला ठाऊक आहे. गावात पैसा आला की बाजारात गिऱ्हाईक येते आणि गाव सुकले की बाजारही सुकतो. त्यामुळे जंगलासाठी दिलेले दान हे परोपकार तर आहेच, शिवाय ते परस्परांच्या आधाराचे भान आहे. जीवांनी एकमेकांना आधार द्यावा हा जो बोध आचार्य उमास्वातींनी दिला, त्याचे हे व्यवहारातील रूप होय.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात वनकार्यासाठी दान देऊ इच्छिणाऱ्या संस्थांनी काही पथ्ये पाळावीत. एका दिवसाच्या समारंभाऐवजी निदान पाच वर्षांची बांधिलकी पत्करावी. ज्या ग्रामसभेने स्वतः ठराव करून जंगल राखण्यास प्रारंभ केला आहे, तिच्याकडे जावे, आपली योजना घेऊन गावात शिरू नये. देणगीचा ठरावीक भाग मोजणी आणि पडताळणीसाठी प्रथमपासूनच वेगळा काढावा. फलकावर दात्याचे नाव लावायचेच असेल, तर ते लागवडीच्या दिवशी न लावता तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या मोजणीनंतर लावावे. आणि वार्षिक अहवालात जगलेल्या रोपांइतक्याच ठळक अक्षरांत मेलेल्या रोपांचा आकडा छापावा.

यांतील शेवटचे पथ्य सर्वांत जड जाईल. दात्यांना ते आवडेलच असे नाही आणि एखादी देणगी त्यामुळे कमीही होईल. परंतु ज्या समाजाने अस्तेय आणि सत्य ही व्रते मानली, त्याच्या नावावर न जगलेल्या झाडांचे पुण्य जमा होऊ नये. खऱ्या आकड्याने लाज वाटली तरी चालेल, कारण पुढच्या पावसाळ्यात काय दुरुस्त करावयाचे हे त्याच आकड्यावरून कळते. वन हे फार सावकाश वाढते. ते राखणाऱ्या गावाला जसा धीर लागतो, तसाच त्याला साहाय्य करणाऱ्या हातालाही लागतो.

जय जिनेंद्र!